भाग दोनशे बारा

जुबैलमध्ये साडेसहा वाजले
की आम्ही दोघं 'तिसरी चावी' लावतो.
तिकडे तेव्हा नऊ झालेले असतात.
आता नऊची सक्ती कुणालाच नाही,
पण हेमलताला हीच वेळ लागते.

सातशे चौऱ्याऐंशी भाग.
प्लांटमधलं एक जुनं लॉगबुक घरी आणलंय,
प्रेशर आणि तापमानाच्या रकान्यांत
सरपोतदारांचं घराणं उतरवतो:
कोण कुणाचा, कुणी कुणाच्या दुधात काय कालवलं,
कितव्या भागात मेला, कितव्यात परतला.
विश्वासराव दोनदा वारले.
दुसऱ्यांदा आले ते वेगळ्याच चेहऱ्यानं,
म्हणे अपघात, म्हणे प्लास्टिक सर्जरी.
हेमलता म्हणते, नटाचं पैशांवरून वाजलं असणार.
लॉकरच्या दोन चाव्या सगळ्यांना ठाऊक,
तिसरीसाठी तीन पिढ्या भांडतात,
आणि यमुनाक्का दाराआडून
दर वेळी वाक्य अर्धंच ऐकते.

मी ही मालिका पहिल्यांदाच पाहतोय.
म्हणजे, ऐकलेली आहे.

दोन हजार दोन साल. पंधरा जणांत एक टीव्ही,
आणि तोही मल्याळम बोलायचा.
गुरुवारी रात्री टेलिफोन केबिनपुढे रांग,
वीस रियालचं कार्ड, अकरा मिनिटं.
ती गुहागरला, आईच्या कानाच्या टप्प्यात.
पैसे पोचले, सगळे बरे आहेत, नळ दुरुस्त झाला,
यात दोन मिनिटं जायची.
मग आवाज जरा मोठा करून म्हणायची,
"तिसऱ्या चावीत काय झालं, माहितीय?"
उरलेलं कार्ड सरपोतदारांचं.
मागे ताटकळलेला सादिक परकार
मी बाहेर येताच विचारायचा,
"काय रे, मंजिरी आली का माहेराहून?"

आता रकाने भरताना
काही धागे कुठेच बसत नाहीत.

मंजिरीच्या पाटल्या सासूनं मोडल्या, धाकट्याच्या दुकानासाठी.
पक्कं आठवतं, सादिकनं आणि मी
जेवताना त्या सासूचा उद्धार केला होता.
पण मालिकेत मंजिरीची सासू
पहिल्या भागापासून हार घालून भिंतीवर आहे.

मंजिरी एकदा रात्री विहिरीपर्यंत जाऊन परत आली.
सरपोतदारांकडे विहीर नाही.
पोहण्याचा तलाव आहे, निळ्या फरशीचा.

मंजिरीचं चौथ्या महिन्यात गेलं.
हा भाग दोनशे बारा, तारखेवरून काढला मी.
केबिनमधला एसी त्या दिवशी बंद होता.
ती म्हणाली होती,
"कुणाला सांगितलंच नाही तिनं. नवरा परदेशात ना."
आणि मी, घाम पुसत,
"या लेखकांना दुसरं काही सुचत नाही.
तू कशाला रडतेस? मालिका आहे."

सुट्टी संपवून मी परतलो होतो
त्याला तेव्हा सतरा आठवडे झालेले.
हेही आता लिहिलंय, समासात, पेन्सिलीनं.

काल दोनशे बारावा लागला.
बावीस मिनिटं विश्वासरावांच्या साठीचा समारंभ.
मंजिरी मोरपंखी साडीत, सगळ्यांना पेढे देत हिंडते.
मी विचारलं, "ते मुलाचं कितव्या भागात आहे गं?"

हेमलता घेवडा निवडत होती.
एका शेंगेची शीर पार टोकापर्यंत ओढली.
"असेल पुढे."
मग बऱ्याच वेळानं, पडद्याकडे बघतच,
"सगळे भाग कुठे ठेवलेत त्यांनी.
बरेच गाळलेत."

मी आवाज बारीक केला.
म्हटलं, "आता काही अकरा मिनिटांचं बंधन नाही."
ती उठली, ताट घेऊन आत गेली.
मोहरी तडतडली.
त्या आवाजावरून तिनं विचारलं,
"शेवटी कुणाकडे निघते रे चावी? आठवतंय तुला?"

मला आठवेना.
हे तिनं मला कधी सांगितलंच नव्हतं.