तिसरा बाक

जानेवारीत कमिटीनं ठराव केला :
मंडळीचा संदेश आता मोबाइलवरून जाईल.
मोबाइल म्हणजे मी.
सीताबर्डीला फुटक्या स्क्रीन बदलून देणारा अमोस थोरात,
ज्याला शब्बाथशाळेत एक सुवर्णवचन धड पाठ झालं नाही.

तिपाई मांडली थेट व्यासपीठासमोर.
पाळक उजगरेसाहेबांच्या मागं
पांढरं कबूतर उडवलं, ढग सरकवले,
वर पिवळ्या अक्षरांत : निराश आहात? हे ऐकाच!
साहेबांना म्हटलं, पहिल्या दहा सेकंदांत
काहीतरी जोरदार बोला, नाहीतर लोक निघून जातात.
साहेब दहा सेकंद चष्माच पुसतात.

पाहणारे अकरा.
त्यातला एक मी, दुसऱ्या फोनवरून.
एक साहेबांची बहीण, अचलपुरात.
उरलेल्या नऊ जणांसाठी मी फेब्रुवारीत
बासरी घातली, मार्चमध्ये काढली.

नवतपा लागला.
कूलरची घरघर वचनापेक्षा मोठी.
त्या रविवारी दुपारी दीनाबाई कसबेंचा फोन आला,
खलाशी लाइनीतून, मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन
तीन महिने खाटेवर पडलेल्या.

"अमोस, ते कबूतर काढ बे.
डोये दुखतात माहे.
अन् साहेबाचं तोंड मले पाठ हाये.
मले हे सांग,
माह्या जागेवर कोन बसून राहिलं?"

मला सांगता येईना.
पाच महिने
माझी पाठ बाकांकडे होती.

पुढच्या रविवारी तिपाई घरीच ठेवली.
डावीकडून तिसरा बाक, खिडकीलगत.
दोन गीतपुस्तकं एकावर एक, त्यांवर फोन टेकवला,
बसलेल्या बाईचे डोळे जिथं असतील
साधारण तितक्या उंचीवर.

दिसलं ते असं :
खांबाआड अर्धे साहेब.
शद्रखकाकांचं टक्कल, त्यावर पंख्याची सावली.
पुढच्या बाकावरून एक पोट्टं मागं वळून
सबंध उपदेशभर बघत राहिलं आत, जीभ काढून.
"जे कष्टी व भाराक्रांत" असं साहेब म्हणाले तेव्हाच
कुणीतरी शेजारणीला विचारत होतं, नळ आले का तुमच्याकडे.

गीताच्या वेळी आठवीतली मेरब
आपलं पुस्तक फोनसमोर धरून कुजबुजली,
"आजी, दोनशे चौदा."
दानाची थैली घेऊन शद्रखकाका बाकाशी आले,
थांबले,
दीनाबाई रुमालाची गाठ सोडायच्या तेवढा वेळ
सवयीनं थांबलेच,
मग खाकरून पुढं गेले.

संध्याकाळी फोन वाजू लागले.
पुण्याहून एकीनं विचारलं, तो पंखा अजून तसाच वाजतो?
भिलाईहून एक जण नुसता हसला, खूप वेळ.
आणि विन्सेंट रणदिवे,
कब्रस्तानाच्या भिंतीवरून भांडून
आठ वर्षांपूर्वी उठून गेलेला,
इथंच कडबी चौकात राहणारा, ज्याला मी
एकदाही लिंक पाठवली नव्हती,
तो म्हणाला, "काही नाही, असाच लावला फोन."
नंतर म्हणाला, "मागच्या दाराले कुलूप असते का बे अजून?"
नसते, म्हटलं.
बरं, म्हणाला.

कमिटीत सेक्रेटरींनी आकडा विचारला.
चौदा.
"म्हणजे तीनच वाढले? आणि साहेब अर्धे?"
कबुतरावर बराच वेळ चर्चा झाली.
कबूतर चार विरुद्ध तीन मतांनी पडलं.
साहेबांनी मत दिलं नाही,
फक्त खांबाकडे पाहिलं,
जणू तो आजच बांधलाय.

शनिवारी मी तेलाची बुधली घेऊन
मागच्या दाराशी गेलो.
उशिरा येणाऱ्याला करकरीची लाज वाटू नये म्हणून.
दीनाबाईंना सांगितलं फोनवर.
"तेल नको घालू," त्या म्हणाल्या.
"कोन आलं
ते मले अथी ऐकू येऊ दे."