पाठमोरी

रेकॉर्डर तिथं नको ठेवूस, मांजर पाडेल.
बिस्किटांच्या डब्यावर ठेव. हं.

नाव लव्हडे ट्रेव्हेला.
लंडनमध्ये सगळ्यांना वाटायचं, हे मी मागाहून घेतलेलं,
केसांत खोचलेल्या डेझीसारखं, त्या दिवसांना शोभेलसं.
अरे, आमच्या न्यूलिनच्या धक्क्यावर
तारल्या खारवणाऱ्या बायकांत तीन लव्हडे होत्या,
त्यातल्या एकीला मिशी होती.

मुक्त होते का, विचारतोस.
होते ना.
पासष्टच्या ऑक्टोबरात बाबांचा रेनकोट घालून
पॅडिंग्टनला उतरले
आणि परतीचं तिकीट एका खलाशाला विकलं.
त्या पैशांत हिरवे बूट घेतले. चावायचे.
म्हणून मी अनवाणी हिंडायची, त्याचंही पुढं तत्त्वज्ञान झालं.

नॉटिंग हिलच्या आमच्या घरात दारं नव्हती.
आधीच्या जानेवारीत कुणीतरी ती जाळली होती.
येणारे-जाणारे म्हणत, केवढं हे मोकळेपण!
मी म्हणे, केवढी ही थंडी.
पण हसायचो आम्ही. खोटं कशाला सांगू,
इतकं पुन्हा कधी हसले नाही,
एका सिताराला अर्धा महिना कुणाला तार लावता आली नाही
आणि तरी रोज रात्री मैफल.

काम मात्र माझं न हलण्याचं.
ऑब्री थ्रॉसेलसमोर, तासाला पाच शिलिंग.
सगळं शहर नाचत होतं
आणि मी खडूनं आखलेल्या दोन पावलांत उभी.
आधी पायाला मुंग्या येत,
मग मुंग्या निघून जात,
मग पायच निघून जाई.

तो म्हणाला, तुझा चेहरा फार बोलतो. वळ.
वळले.
एकोणीस चित्रं. एकोणीस पाठी.
मोठमोठ्यांनी लिहिलं, हिनं जगाकडे पाठ फिरवली आहे.
जगाकडे कशाला फिरवू?
जग तर समोरच होतं, खिडकीत.
मागे होता तो थ्रॉसेल.

खाली अंगणात मिसेस डेल्फीन बेकफर्ड
चारच्या सुमाराला चादरी वाळत घाले.
किंग्स्टनची बाई, उंच, तोंडात चिमटे.
एकदा तिनं वर बघून हात केला.
मला हात हलवता येईना, प्रकाश चालला होता.
तेवढं लागून राहिलंय.

रॉकेलची शेगडी डावीकडे असायची.
एका फेब्रुवारीत पोटरी भाजली,
बोलले नाही.
त्यानंही विचारलं नाही, फक्त गुलाबी रंग काढला.
ते चित्र म्हणे सर्वांत कोवळं.

मागच्या वर्षी पाहायला गेले होते.
फार जवळ गेले असेन,
पहारेकरी म्हणाला, मागे सरा बाई.
म्हटलं, ती मी आहे.
म्हणाला, हो बाई, तरीसुद्धा.
त्याचं काय चुकलं?

सोडलं कसं? भांडण नाही, काही नाही.
सदुसष्टचा जून, एक मंगळवार,
आणि मी हलले.
तो म्हणाला, लव्हडे.
मी कपडे चढवले, जिना उतरले,
मिसेस बेकफर्डच्या चादरीचं दुसरं टोक धरलं.
ती म्हणाली, पीळ नीट घाल, पोरी, पाणी राहतंय.

पुढं तिच्याच लॉन्ड्रीत एकतीस वर्षं.
त्यातलं तू काही विचारणार नाहीस,
तुझ्या कागदावर तो प्रश्नच नाही, मघाशी पाहिलं मी.
तुम्ही लिहिता, उभं आयुष्य कलेला वाहिलं.
उभं म्हणशील तर दीड वर्ष.
बाकीचं चालत, वाकत, इस्त्रीची वाफ खात,
शनिवारी डेल्फीनबरोबर घोड्यांवर पैसे लावत.
एकदा जिंकलोही.

चालू आहे का अजून तो दिवा?
राहू दे. ऊठ जरा, आलायस तर.
मागच्या दोरीवर चादर आहे,
एकटीला घडी घालता येत नाही आता.
ते टोक तू धर.
असं नाही.
माझ्याकडे तोंड करून.