संबंधित पर्याय

पंचवटीत, गायधनी काकांच्या माडीवर
लाल बासनातल्या वह्या आणि माझा लॅपटॉप
महिनाभर एकाच सतरंजीवर बसलेत.
काका मोडी वाचतात, मी टाइप करते,
खाली कुणीतरी काळे तीळ मागतं.

अडचण साधी होती.
नव्या माणसाची नोंद उघडायची
आणि ‘वडील’ या रकान्यावर क्लिक केलं
की अख्खा गोतावळा खाली लोंबायचा:
एक्केचाळीस हजार तीनशे बारा बाप,
जुन्नरचे, जामखेडचे, चाळीसगावचे,
सगळे सारख्याच निमूटपणे उभे.
काकांनी चष्मा कपाळावर सारला.
‘अगं, एवढ्यांतून एक शोधेपर्यंत
यजमान गंगेत बुडी मारून घरी पोचेल.’

मग मी चाळणी लावली.
गाव तेच, कूळ तेच,
आणि बाप मुलाच्या आधी जन्मलेला असावा.
ही अट लिहिताना हसू आलं,
पण न लिहून पाहिलं होतं.
आता यादीत सहा नावं. कधी चारच.
काकांनी चिवड्याची पुडी फोडली.

गुरुवारी बाबू हरी अडला.
वय वर्षे पाच, सन एकोणीसशे चौतीस.
गाव येवलं, कूळ पैठणे.
नोंद कधीच भरून झालेली,
मी फक्त एक वेलांटी दुरुस्त करत होते.
‘जतन करा’ म्हटलं, तर लाल अक्षरं:
योग्य पर्याय निवडा.
वडिलांचा रकाना रिकामा.
हरी माझ्या चाळणीबाहेर राहिला होता.

काकांनी वही काढली.
पान उलटताना ते बोट ओलं करत नाहीत,
कड धरून उचलतात, झोपलेल्याची चादर उचलावी तसं.
समासात एक आडवी, घाईची ओळ:
‘दत्तक. चांदवडच्या हरी नेवासकराने घेतला.
पोर फार रडत होते.’

हे शेवटचं कुठे भरायचं?
माझ्याकडे गाव आहे, कूळ आहे, तारीख आहे.
समास नाही.

दिवेलागणीला अट पुन्हा उघडली.
गाव तेच, कूळ तेच,
आणि पुढे एक उभी रेघ ओढली.
यंत्राच्या भाषेत तिचा अर्थ ‘किंवा’.
काकांच्या पोथीत अशी रेघ आली की श्लोक संपतो.
इथे तिच्यापुढे आणखी एकाला जागा होते:
किंवा, ज्याला आधी एकदा निवडलं आहे, तो.

बाबू जतन झाला.
येवल्याच्या पैठण्यांच्या यादीत, तळाशी,
चांदवडचा हरी येऊन बसला,
फक्त त्याच्याच पानापुरता.

काका बासनाची गाठ मारत म्हणाले,
‘शेरा म्हणून एक रकाना ठेव. मोकळा.
भरलाच पाहिजे असं काही नको.’
ठेवला. कुठलीही अट लावली नाही त्याला.
पहिली नोंद मीच केली,
वहीतल्यासारखीच, शेवटच्या पूर्णविरामासकट:
पोर फार रडत होते.