तिसरा भाग

साखर पेठेत पंख्याखाली
लक्ष्मीनरसूकाका माझ्या मोबाईलवर
कोरियन मालिका बघतात.
दुसऱ्याच भागात ती छत्री विसरते बसथांब्यावर.
काका म्हणतात, “भोक पाडलं बघ लिहिणाऱ्यानं.”

चाळीस वर्षं चादरीची कार्डं पंच केली त्यांनी :
इथं भोक, तर वीतभर पुढं मोराचा डोळा.

चौदावा भाग. ताटातूट. मी रडते.
काका शेंगा फोडत, “उलट्या बाजूनं बघायलीस.
दोरे लोंबणारच.”

सोळाव्यात छत्री परत येते, माणसासकट.
मी टाळी वाजवते.

“आणि ते दुकानातलं पोरगं?
‘आलोच’ म्हणून गेलेलं?”

असेल लहानसं पात्र, मी म्हणते.

रात्री अडीचला जाग आली.
आवाज बंद करून काकांनी
तिसरा भाग लावला होता.