मेजरचा रकाना

नांदेड विद्यापीठातून संभाजीनगरला जायचं
तर आधी एक कागद लागतो,
त्याचं नाव स्थलांतर प्रमाणपत्र.
सेलूहून विष्णुपुरीला दोनदा गेले त्याच्यासाठी.
पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते,
दुसऱ्यांदा प्रिंटर.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, कामून चाललीस गं?
म्हणलं, पुढं मेडिकलला जायचंय.
मेडिकल तर नांदेडलाबी हाय की.
हे बरोबर होतं. याचं उत्तर
माझ्याकडच्या एकाही झेरॉक्समध्ये नव्हतं.

नीटचे दोन आकडे आहेत माझ्या नावावर.
पहिला आईनं कुणालाच सांगितला नाही.
दुसरा, पेढे आणावेत की नाही या विचारात
चार दिवस घरात बसून राहिला.
मग फेऱ्या झाल्या, दुसरी, तिसरी, उरलीसुरली.
यादी दरवेळी माझ्या अलीकडं थांबायची,
गाडी आउटरला थांबते तशी,
आतल्या माणसाला स्टेशनाचे दिवे दिसत असतात.

आण्णा फाटकावर आहेत, मानवत रोडच्या अलीकडं.
बारा तासांची पाळी, एक फोन, दोन झेंड्या.
त्यांना विचारलं,
झूलॉजी घेऊ, केमिस्ट्री घेऊ, का स्टॅटिस्टिक्स?
त्यातली डॉक्टरची कोणती?
म्हणलं, एकबी नाही.
मग तुला गोड लागंल ती घे, म्हणाले,
गाडी यायची आसंल तर येती.
तेवढ्यात फोन वाजला
आणि ते हँडल फिरवायला उठले.

मावसभाऊ इंद्रजित अंबाजोगाईला आहे, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला.
तो म्हणाला, झूलॉजीच घे, नीटची फुकटात उजळणी.
स्टॅट घेऊन काय पेशंट मोजणार?

मोजलेत की.
आई आशा आहे. मागच्या श्रावणात तिच्या वहीत
तापाची बावीस नावं होती.
नाव, गल्ली, तारीख, गोळ्या किती.
लाइट गेलेली. मोबाइलच्या उजेडात, कंटाळा म्हणून,
मी गल्लीवार काड्या मारत बसले,
पाच काड्यांची एक मोळी.
पाण्याच्या टाकीमागच्या एका ओळीत सोळा.
बाकी सगळ्या वॉर्डात मिळून सहा.

सकाळी आई ते पान घेऊन सिस्टरकडं गेली.
सिस्टर म्हणाल्या, पोरीचं अक्षर छान आहे.
पाइप बदलला तो दिवाळीनंतर,
त्या पानामुळं की इलेक्शनमुळं, कुणास ठाऊक.
पण त्या रात्री सोळावी काडी मारताना
अंगावर जो काटा आला
तो झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला कधी आला नाही.
खोटं कशाला बोलू,
स्वतःच्या रक्ताची स्लाइड भिंगाखाली पाहिली
तेव्हा आला होता थोडा.

म्हणून तर अडलंय.
मला माणसाच्या आतही बघायचंय
आणि माणसांच्या रांगेकडं लांबूनही,
आणि रकान्यात नाव एकच मावतं.

नेट कॅफेत साजिद म्हणाला, ताई, काहीतरी टाका,
सेशन संपायला आलंय.
नंतर बदलता येतं?
येतं म्हणे, एकदाच, शंभर रुपये.
बाण खाली नेला. झूलॉजीवर थांबवला.
वर आणला. पुन्हा खाली नेला.
फॉर्म सबमिट झाल्याचा मेसेज आला तेव्हा
माझं बोट अजून माऊसवरच होतं,
दाबून धरलेलं.

फेब्रुवारीत नीटचा फॉर्मही भरणार आहे,
हे आईला सांगितलंय.
ते दुसरं अजून नाही.

रात्री डबा घेऊन फाटकावर गेले.
मालगाडी चालली होती, संपता संपेना.
आण्णा हिरवा दिवा धरून ओठ हलवत उभे.
लहानपणापासून बघते, मला वाटायचं
देवाचं काहीतरी म्हणतात.
शेवटचा डबा गेला, लाल दिवा लांब गेला,
तसे ते म्हणाले, अठ्ठावन्न.

म्हणलं, आण्णा, एकोणसाठ.