एकोणसाठ पूर्णांक सतरा

गुरुवारी समिती येणार,
म्हणून शनिवारीही बसवलंय मला.
चेंबूर नाक्यामागचं कॉलेज, तळमजल्याचं ऑफिस,
पंखा तीनवर अडकलेला,
आणि समोर जनरल रजिस्टर,
ज्याची पाठ मी दोनदा खळीने चिकटवली.

फॉर्म विचारतो, प्रथम वर्षाला आले किती?
एकशे वीस.
वेळेत पदवी घेऊन गेले किती?
एकाहत्तर.
मुली किती, अनुसूचित किती, अल्पसंख्याक किती,
दिव्यांग असल्यास वेगळा तक्ता जोडा.
जोडतो.
जातींची बेरीज आणि धर्मांची बेरीज
पहिल्या झटक्यात कधीच जुळत नाही.

रोल नंबर दरवर्षी नव्याने पडतात,
त्यामुळे वर्गात भोक दिसत नाही.
सत्तावीस नंबर गेली की अठ्ठावीसची सत्तावीस होते
आणि 'हजर' म्हणते.

रजिस्टरात मात्र कुणी सरकत नाही.

प्राजक्ता गमरे. आईचं डायलिसिस, सायनला,
सोमवार-गुरुवार.
तिची हजेरीही सोमवार-गुरुवारचीच कमी पडली,
हे मला दंडाची पावती फाडल्यावर कळलं.

हर्षल तांडेल. दुसऱ्या वर्षाला फी अर्धी भरून गेला.
मार्चमध्ये याच खिडकीशी आला, डोक्यावर हेल्मेट,
हातात माझी थाळी.
'सर, फाइव्ह स्टार द्याल ना?'
दिले. अजून काय देणार होतो?

दक्षा सोलंकी तर पेढे घेऊन आली.
वडिलांच्या जागी महापालिकेत लागली, झाडू खात्यात,
'कायम, सर, कायम!'
गळतीचं कारण लिहायला अर्धा इंच जागा आहे :
विवाह, स्थलांतर, इतर.
तिचं हसू मी 'इतर'मध्ये घातलं.
पेढा खवट नव्हता, एवढं आठवतं.

कॅल्क्युलेटर म्हणतो एकोणसाठ पूर्णांक सतरा.
एकोणसाठ समजू शकतो.
हे सतरा शतांश म्हणजे कोण?

सेल्विन नाडर असणार, नव्वद फुटी रस्त्याचा.
कॉस्टिंगचा एकच पेपर, पाच वेळा गेलेला.
गेलेल्यांत तो धरत नाही स्वतःला,
झालेल्यांत मी धरू शकत नाही.

काचेवर टकटक.
'सर, ऑक्टोबरचा फॉर्म आला का?'
शनिवारी खिडकी बंद असते, तशी पाटीच आहे.
मी रजिस्टर बाजूला सारतो
आणि कडी काढतो.