नख अडकतंय का

अंबडच्या शेडमध्ये सकाळी सातला
पोकलेनच्या बूमचा सिलिंडर येऊन पडला,
पावणेदोनशे किलो, घोटीच्या मातीसकट.
चालक म्हणाला, उचलतो, पण धरत नाही.
बकेट हवेत ठेवून चहाला गेलो
तर परत येईस्तोवर जमिनीवर.
भिकनभाऊ म्हणाले, चहा लवकर पीत जा.

आधी कुणी घाई करायची नाही.
आत दाब अडकलेला असतो,
बाहेरून दिसत नाही, मुका.
पोर्टचा नट अर्धा आटा सैल,
मग थांबायचं.
तेल आधी फुसफुसतं,
मग नुसतं ओघळत राहतं ट्रेमध्ये,
काळं, जळक्या वासाचं.
एकदा कुणीतरी थांबलं नव्हतं.
भिकनभाऊंच्या डाव्या भुवईतली रेघ
त्या दिवसाची. त्याबद्दल ते
एवढंच सांगतात: बुधवार होता.

ग्लँड नट निघेना.
साखळी पाना, पान्याला सहा फुटी पाइप,
पाइपाला मी, इरफान, शेवटी चालकसुद्धा.
कॉलर तापवली, पुन्हा लोंबकळलो,
तेव्हा कुठं आतून एक कट्ट आलं,
बऱ्याच हाका मारल्यावर
कुणी ओ द्यावी तसं.
चेनब्लॉकवर रॉड उपसला,
ओला क्रोम,
त्यात शेडचे पत्रे, पंखा, आमची तोंडं
लांबट होऊन वर सरकत गेली.
पिस्टनवरचं सील
शिळ्या भाकरीसारखं हातात मोडलं.

मग बॅरल ओट्यावर आडवं, डिझेलनं धुतलेलं.
तारेला बॅटरी बांधून आत सोडली.
रेघ होती.
रेघ असली की प्रश्न एकच, किती खोल?
मायक्रोमीटर आहे, डायल आहे, ते नंतर.
आधी नख.
भिकनभाऊ डाव्या करंगळीचं राखतात,
बायकोला वाटतं चुन्यासाठी.
रेघेवरून आडवं फिरवायचं:
घसरलं तर पॉलिश,
अडकलं तर होनिंग,
रुतलं तर मालकाला फोन.

पण रेघ तोंडापासून चांगली हातभर आत,
आणि भाऊंचा दंड बॅरलमध्ये शिरेना.
माझाही नाही. इरफाननं तर नखं दातांनीच संपवलेली.
प्रणिता गांगुर्डे, सातपूर आयटीआय, अप्रेंटिस,
अकरा आठवडे ओ-रिंगा मोजत,
रजिस्टर भरत बसवलेली,
म्हणाली, मी घालू का हात?

रविवारी तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा झालेला.
नखं डाळिंबी.
तिनं घड्याळ काढलं, बाही खांद्यावर सारली,
गाल लोखंडाला टेकवून डोळे मिटले.
कंप्रेसर कुणी बंद केला? मी सांगितलं नव्हतं.
घसरतंय, ती म्हणाली.
घसरतंय.
घसर...
अडकतंय.
चार बोटं लांब. पुढं परत घसरतंय.

हात बाहेर आला, काखेपर्यंत तेलाचा,
मधल्या नखाच्या टोकाला
डाळिंबी रंग केसभर खरवडलेला.
भिकनभाऊंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
तिला नख उजेडाकडं धरायला लावलं,
लॅबचा कागद वाचावा तसं वाचलं
आणि रजिस्टर ओढून स्वतः लिहिलं, वाकड्या अक्षरात:
होनिंग. तपासणी, प्र. गांगुर्डे.

कंपनीचं सील यायला तीन आठवडे.
इरफाननं लेथवर कातलं,
पिवळ्या छिलक्यांच्या शेवया पायात येत होत्या
शुक्रवारपर्यंत.
शनिवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून
रात्री आठलाच टेस्ट बेंचवर चढवला.
अडीचशे बार. काटा.
दहा मिनिटं काट्याकडं बघायचं.
बोलू नये असा नियम नाही,
कुणी बोलत नाही एवढंच.
नवव्या मिनिटाला चालक म्हणाला,
आता जाऊ का चहाला?
जा, भाऊ म्हणाले, सावकाश पी.

सोमवारी प्रणिताच्या नखांवर रंग नव्हता.
बाकीची तिनं कापून टाकली होती.
डाव्या करंगळीचं तेवढं ठेवलं होतं.